आचार्य धर्मानंद कोसंबी : सांकवाळच्या माडांपासून हार्वर्डपर्यंत



आपल्या मंडळातील बहुतेक घरे मूळची पेडणे आणि डिचोली भागातली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत मुलगा चार इयत्ता शिकला की पुढच्या शिक्षणासाठी त्याला सावंतवाडी, बेळगाव किंवा मुंबईला पाठवावे लागे. ज्या घराला ते झेपत नसे, तिथला मुलगा शेतीत, दुकानात किंवा देवळाच्या कामात अडकून राही. अशाच परिस्थितीत गोव्यातला एक मुलगा शाळा अर्धवट सोडून माडांची राखण करू लागला. पुढे तो कोलकात्यात, पुण्यात, अहमदाबादला प्राध्यापक झाला, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्याला चार वेळा बोलावले आणि रशियातही त्याने अध्यापन-संशोधन केले. आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी हे त्यांचे नाव. नव्या पिढीला त्यांच्या मुलाचे, म्हणजे गणितज्ञ व इतिहासकार दामोदर कोसंबी यांचे नाव कदाचित जास्त ठाऊक असेल. वडिलांची कथा मात्र आपल्या घराघरांत सांगितली जावी इतकी मोलाची आहे, म्हणून हा लेख.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांकवाळ या गावी झाला. सांकवाळ म्हणजे जुन्या काबिजादीतला गाव. पोर्तुगीज अमलाच्या पहिल्या काळात तिथली देवळे पाडली गेली. सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेला आणि विजयादुर्गा फोंड्यातील केरीला. आपल्या डिचोलीतील नार्वे येथे दिवाडीहून सप्तकोटेश्वर आला, त्यातलाच हा प्रकार. पेडणे, डिचोली, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेले, म्हणून आपल्याकडे देवळे जागेवर राहिली आणि त्यांच्या आधाराने मराठी शिक्षणही टिकले. जुन्या काबिजादीतल्या हिंदू घरांना हे सोपे नव्हते. तिथे घरोघरी पंतोजी ठेवून किंवा एखाद्या ओसरीवर शाळा भरवून मुलांना मराठी शिकवावे लागे. धर्मानंदांचे शिक्षण अशा तुटपुंज्या सोयीवर झाले आणि तेही लवकरच थांबले. घरची माडांची बागायत पाहण्याचे काम त्यांच्यावर पडले. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचे लग्न चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी झाले.

इथपर्यंतची हकीकत गोव्यातल्या त्या काळच्या कुठल्याही मुलाची असू शकेल. फरक एवढाच की या मुलाला वाचनाची भूक होती. नारळ पाडून घेणे, मोजणे, विकणे, कज्जेखटले पाहणे यातून वेळ काढून मिळेल ते मराठी पुस्तक तो वाचत असे. तुकारामांच्या गाथेने त्याच्या मनाला आधार दिला. पुढे ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्याने बुद्धाचे चरित्र वाचले. हे मासिक ख्रिस्ती मिशनरी चालवीत. त्यातल्या त्या छोट्या चरित्राने या तरुणाच्या आयुष्याची दिशा ठरवली. बुद्धाने काय सांगितले हे मुळातून समजून घ्यायचे आणि ते आपल्या माणसांना मराठीत सांगायचे, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यासाठी संस्कृत हवे, पाली हवे, आणि यातले काहीही गोव्यात मिळण्यासारखे नव्हते.

वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, धर्मानंद घराबाहेर पडले. थोरली मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. भांडारकरांनी त्यांना आश्रय दिला आणि संस्कृत शिकण्याची वाट दाखवली. पण पुण्यात जम बसला नाही. मग ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांच्या घरी बसून व्याकरण घोकायचे, असा क्रम सुरू झाला. पंचविशीच्या जवळ आलेला, घरी बायको-मुलगी असलेला माणूस दहा-बारा वर्षांच्या बटूंबरोबर बसून धडे म्हणत होता. त्याची त्यांना लाज वाटली नाही.

काशीत संस्कृत झाले, पण बुद्धधर्म काही सापडेना. नेपाळात तो जिवंत असेल या आशेने १९०२ मध्ये ते काठमांडूपर्यंत गेले. तिथे जे पाहिले त्याने त्यांची निराशा झाली. मग बोधगयेला आले. पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जावे, हा सल्ला त्यांना तिथे मिळाला. कोलकात्याहून ते श्रीलंकेला पोहोचले. कोलंबोतील विद्योदय विद्यालयाचे प्रमुख सुमंगल महास्थविर हे त्या काळातले फार मोठे बौद्ध पंडित. त्यांच्याजवळ धर्मानंदांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला. तिथले हवापाणी आणि जेवण त्यांना मानवले नाही, प्रकृती ढासळली, म्हणून मद्रासला परतावे लागले. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. भिक्षूंमध्ये राहून त्यांनी ग्रंथांचा अभ्यास केला आणि ध्यानधारणाही केली. सिंहली आणि ब्रह्मी लिप्या त्यांना वाचता येऊ लागल्या. पाली ग्रंथांच्या ताडपत्रावरील पोथ्या याच लिप्यांत असत, त्यामुळे ही विद्या त्यांना जन्मभर उपयोगी पडली.

१९०६ साली ते कोलकात्याला आले. तेव्हा बंगालमध्ये स्वदेशी चळवळ भरात होती आणि नवे नॅशनल कॉलेज निघाले होते. तिथे त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. पुढे कोलकाता विद्यापीठातही ते पाली शिकवू लागले. ज्याने कुठलीही इंग्रजी परीक्षा दिली नव्हती तो माणूस विद्यापीठाचा अध्यापक झाला. भिक्षूचे जीवन सोडून ते पुन्हा गृहस्थ झाले आणि जवळजवळ सात वर्षांनी गोव्यात घरच्यांना भेटले. जुलै १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला.

आता एक हिशेब मांडतो. मी सारी नोकरी बँकेत केली, त्यामुळे पगाराचे आकडे दिसले की माझी नजर तिथेच थांबते. कोलकाता विद्यापीठात धर्मानंदांना दरमहा २५० रुपये मिळत होते. त्या काळी हा पगार चांगल्या सरकारी अधिकाऱ्याच्या तोडीचा होता. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये मानधन देऊ केले. अट अशी, की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि मराठीत ग्रंथ लिहावेत. धर्मानंदांनी २५० रुपयांची जागा सोडली आणि ५० रुपये पत्करले. महिन्याला २०० रुपयांचे, वर्षाला २,४०० रुपयांचे नुकसान त्यांनी जाणूनबुजून स्वीकारले. कर्जाच्या अर्जावर असे उत्पन्न पाहून कुठल्याही शाखाधिकाऱ्याने नकारार्थी मान हलवली असती. पण बुद्ध आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायचा, हे त्यांचे ठरलेले होते. ती संधी पाचवा हिस्सा पगारात मिळत होती आणि तेवढे त्यांना पुरेसे वाटले.

याच काळात ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे छोटे पुस्तक तयार झाले. बुद्धधर्माची ओळख करून देणारे इतके सोपे मराठी तोपर्यंत कोणी लिहिले नव्हते. पुढे ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आणि ‘बौद्धसंघाचा परिचय’ ही पुस्तके आली. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. गोव्यातले बालपण, पुण्या-काशीतले हाल, श्रीलंका-ब्रह्मदेशचा प्रवास हे सगळे त्यांनी त्यात कसलाही आव न आणता सांगितले आहे.

हार्वर्ड विद्यापीठाशी त्यांचा संबंध आला तो डॉ. जेम्स वुड्स या प्राध्यापकांमुळे. ‘विसुद्धिमग्ग’ हा आचार्य बुद्धघोषांचा पाचव्या शतकातील ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा यांचे सविस्तर विवेचन त्यात आहे. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने त्याची संशोधित प्रत तयार करण्याचे काम हाती घेतले होते, पण १८९९ साली त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. सिंहली आणि ब्रह्मी पोथ्यांतले पाठभेद ताडून पाहील, पाली मुखोद्गत असेल आणि परंपराही जाणत असेल, असा माणूस हार्वर्डला हवा होता. १९१० साली धर्मानंद अमेरिकेला गेले. तिथे प्राध्यापक चार्ल्स लॅन्मन यांच्या हाताखाली काम करायचे होते. काम पुढे गेले, पण ग्रंथावर संपादक म्हणून श्रेय कसे द्यायचे यावरून दोघांत मतभेद झाले. धर्मानंदांनी मान तुकवली नाही. १९१२ मध्ये ते भारतात परत आले.

परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पालीचे प्राध्यापक झाले. १९१२ ते १९१८ ही सहा वर्षे महाराष्ट्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले होते, पण शिकवणारे कुठे होते? ते धर्मानंदांनी तयार केले. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे हे पुढे नावाजलेले पाली पंडित त्यांचे विद्यार्थी. आज महाराष्ट्रात पाली शिकणाऱ्या कोणीही आपल्या गुरूचा गुरू शोधत मागे जायचे ठरवले, तर बहुधा तो सांकवाळच्या या माणसापर्यंत पोहोचेल.

१९१८ साली ते दुसऱ्यांदा हार्वर्डला गेले, तेव्हा माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. दोघेही तिथे शिकली. दामोदर पुढे हार्वर्डचा पदवीधर झाला. स्वतः धर्मानंदांनी अमेरिकेत समाजवादाचे वाचन केले. बुद्धाच्या संघात खासगी मालमत्तेला थारा नव्हता, त्यामुळे तो विचार त्यांना परका वाटला नाही.

१९२२ मध्ये परतल्यावर ते अहमदाबादला गांधीजींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात गेले. तिथल्या पुरातत्त्व मंदिरात मुनी जिनविजय आणि पंडित सुखलाल यांच्यासारखे जैन विद्वान होते. पगार बेताचा होता, पण तिथला सहवास त्यांना लाभला. जैन आगमांचा त्यांचा अभ्यास इथे वाढला. पुढे पुन्हा एकदा अमेरिका आणि मग १९२९ च्या सुमारास रशिया झाले. लेनिनग्राडला प्राध्यापक श्चेरबात्स्की यांच्या बौद्धविद्या संस्थेत ते काही महिने होते.

रशियाहून परतले ते १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या दिवसांत. पेडण्याच्या मंडळींना हा भाग विशेष जवळचा वाटेल. सत्याग्रहाचे एक मोठे केंद्र शिरोडा हे होते. गोव्यातले फोंड्याजवळचे शिरोडा इथे अभिप्रेत नाही. तेरेखोल नदीपलीकडचे, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असलेले मिठागरांचे शिरोडे ते हेच. पेडण्याच्या किनाऱ्यावरून पलीकडे गेले की जवळच. तिथे मे १९३० मध्ये सत्याग्रही मीठ उचलण्यासाठी मिठागरात उतरले आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. चार देश पाहून आलेला हा पन्नाशी ओलांडलेला प्राध्यापक त्या सत्याग्रहात सामील झाला. पुढे त्यांनी मुंबईतील विलेपार्ले छावणीचेही काम पाहिले. त्यांना अटक होऊन शिक्षा झाली आणि नंतर उच्च न्यायालयाच्या निकालाने सुटका झाली. सुटल्यावर ते चौथ्यांदा हार्वर्डला गेले आणि ‘विसुद्धिमग्गा’चे आपल्याकडून पुरे करायचे काम पुरे करून आले. त्यांची नागरी लिपीतील प्रत भारतीय विद्याभवनाने १९४० मध्ये प्रसिद्ध केली. हार्वर्डची रोमन लिपीतील प्रत निघाली ती १९५० मध्ये, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. त्या पानावर वॉरन यांच्याबरोबर कोसंबी यांचेही नाव आहे. १९१० ला सुरू झालेल्या कामाची पावती चाळीस वर्षांनी मिळाली, पण मिळाली.

नंतरची काही वर्षे ते काशीला होते. १९३७ मध्ये मुंबईत परळला कामगार आणि दलित वस्तीत त्यांनी बहुजन विहार चालवायला घेतला. बिर्लांच्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली होती. विद्यापीठातली विद्या गिरणगावातल्या माणसापर्यंत न्यावी, हा त्यामागचा हेतू. दोन वर्षांनी ते तिथूनही बाहेर पडले. एखाद्या संस्थेत कायमचे बसावे, हे त्यांच्या स्वभावात नव्हतेच.

‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ १९४०-४१ मध्ये दोन भागांत निघाला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. जुन्या पाली ग्रंथांचे पुरावे तपासून धर्मानंदांनी वेगळे मत मांडले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत. शस्त्राला शस्त्राने उत्तर देत राहिले तर याला अंत नाही, या विचाराने सिद्धार्थ बाहेर पडला, असे त्यांनी दाखवले. बुद्ध दंतकथेतून बाहेर काढून माणूस म्हणून उभा करण्याचे हे काम होते. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही रोहिणीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाच्या मुळाशी आहे. ‘भगवान बुद्ध’चे अनुवाद साहित्य अकादमीने अनेक भारतीय भाषांत काढले. या ग्रंथातील प्राचीन काळच्या मांसाहारासंबंधीच्या प्रकरणावरून जैन समाजातील काहींनी मोठा निषेध केला. धर्मानंदांनी आपला पुरावा मागे घेतला नाही. आणि तरीही त्यांचा शेवटचा ग्रंथ कोणता, तर जैनांच्या पार्श्वनाथ तीर्थंकरांचा चातुर्याम धर्म समजावून सांगणारा.

एवढे सगळे लिहिल्यावर खात्याची दुसरी बाजू न दाखवता मी थांबलो तर हिशेब खोटा ठरेल. ती बाजू बाळाबाईंची आहे. पंधराव्या वर्षी लग्न झालेला नवरा तान्ह्या मुलीला ठेवून निघून गेला. कुठे आहे, परत येईल की नाही, हे कळायला मार्ग नाही. त्या काळी गोव्यातल्या गावात अशा बाईला काय काय ऐकावे लागले असेल, ते आपल्या आज्यांना विचारायची गरज नाही. तो परत आला, संसार पुन्हा सुरू झाला, पण मग अमेरिका, पुन्हा अमेरिका, अहमदाबाद, रशिया, तुरुंग. मुलांची आजारपणे, घरभाडे, लग्नकार्ये यांचा भार बराचसा बाळाबाईंवर पडला. २५० रुपयांऐवजी ५० रुपये घ्यायचे ठरले तेव्हा उरलेले २०० रुपये कोणाच्या स्वयंपाकघरातून कमी झाले, हेही सांगायला हवे. धर्मानंदांनी स्वतः आत्मचरित्रात घर सोडतानाची घालमेल लपवलेली नाही. थोर माणसांच्या चरित्रांत घरच्यांची बाजू सहसा एका ओळीत उरकली जाते. पण घर सांभाळणारे कोणी नसते तर हा विद्याव्यासंग झालाच नसता. महाराष्ट्राला पाली मिळाली, त्यात एक मोठी ठेव बाळाबाईंची आहे आणि तिच्यावर त्यांना व्याज कधी मिळाले नाही.

त्या घरातली विद्या मात्र पुढे चालू राहिली. दामोदर कोसंबी गणितात आणि भारताच्या इतिहासलेखनात जगभर नावाजले. नात मीरा कोसंबी समाजशास्त्रज्ञ झाल्या. त्यांनी आजोबांचे निवडक लेखन इंग्रजीत आणले, त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंत ते पोहोचले.

सत्तरीला येताना धर्मानंदांचे शरीर थकले, व्याधी जडल्या. आता आपल्या हातून कोणाला उपयोग होणार नाही, उलट इतरांना आपली सेवा करावी लागेल, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी अन्न सोडून देह ठेवण्याचा निर्णय घेतला. जैन परंपरेतल्या सल्लेखनेचा हा मार्ग. पहिल्यांदा गांधीजींच्या आग्रहावरून त्यांनी उपवास सोडला. पण १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात त्यांनी तो पुन्हा सुरू केला आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. फाळणीच्या घोषणेने देश हादरलेले ते दिवस. त्या गदारोळात वर्ध्याजवळच्या आश्रमात गेलेल्या या गोमंतकीयाची दखल फारशी कोणी घेतली नाही. ज्या गोव्यात ते जन्मले तो स्वतंत्र व्हायला अजून चौदा वर्षे होती.

शेवटच्या निर्णयाबद्दल आपल्यात मतभेद असू शकतात. घर सोडण्याबद्दलही असतील आणि असावेत. एका गोष्टीबद्दल मात्र मला शंका वाटत नाही. या माणसाने जे जे बाहेरून मिळवले, ते स्वतःजवळ ठेवले नाही. कोलंबोत शिकले ते पुण्यातल्या मुलांना दिले, पोथ्यांमधून कळले ते साध्या मराठीत लिहून ठेवले, आणि जगभरच्या विद्वानांत मान मिळाल्यावर परळच्या चाळींकडे वळले.

आज आपल्या मंडळातील मुले दुबईत, लंडनला, अमेरिकेत शिकतात, नोकरी करतात. आपण त्यांचा सत्कार करतो, फोटो लावतो, आणि ते योग्यच आहे. त्या सत्काराच्या वेळी नारळ-शालीबरोबर ‘निवेदन’ची एक प्रत द्यावी, अशी माझी सूचना आहे. पुस्तक लहान आहे, भाषा सोपी आहे, आणि वाचायला दोन संध्याकाळी पुरतात. आपल्या मुलांनी बाहेर जाऊन मोठे व्हावेच. पण मिळवलेल्यातले आपल्या माणसांना काय द्यायचे, हा प्रश्न त्यांनी एकदा तरी स्वतःला विचारावा. आणि देताना घरातल्या बाळाबाईला विसरू नये.